भिंतीपलीकडचा सडा

आई गेल्यानंतर तिची ट्रंक उघडायला मी बरेच दिवस लावले. बायको म्हणाली, "अहो, पावसाळ्यात कसर लागेल, एकदा ऊन तरी दाखवा." म्हणून एका रविवारी ट्रंक गॅलरीत ओढली. आत फारसं काही नव्हतं. दोन इरकली लुगडी, येवल्याचं एक जुनं पातळ, देवाची रेशमी आसनं, ताईच्या लहानपणचं झबलं. तळाशी जुन्या पंच्यात गुंडाळलेली एक पांढरी चादर होती. ती उलगडली आणि मी तिथेच गॅलरीच्या फरशीवर बसलो.

चादरीवर केशरी ठिपके होते. मधोमध दाट, कडेला विरळ. कुणी ब्रश झटकावा तसे. प्राजक्ताच्या देठाचा डाग धुऊन जात नाही, फक्त फिका होतो.

ती चादर मी ओळखली. ती आमची नव्हती. ती शेजारच्या मणियारांच्या खालाची होती, आणि ती आईच्या ट्रंकेत कशी आली हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे आईला कळलं होतं का? कधी कळलं? गेली तीस-बत्तीस वर्षं जी गोष्ट मी तिच्यापासून लपवली असं समजत होतो, ती तिने या ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवली होती का? बायकोने आतून विचारलं, "काय सापडलं?" मी म्हणालो, "काही नाही, जुनी चादर आहे."

त्या वर्षांत नाशिक लहान होतं. आमचं भाड्याचं घर गावाच्या कडेला होतं, जिथे घरं संपत आणि पेरूच्या बागा सुरू होत. घर म्हणजे तीन खोल्या आणि ओटा. मागे मात्र परसू होतं, घराच्या चौपट. दादा, म्हणजे माझे वडील, कचेरीतून आले की टोपी खुंटीला लावून थेट तिकडे जात. त्यांचं सगळं बोलणं झाडांशीच. आमच्याशी ते क्वचितच बोलत.

त्या परसात सगळं काही एकमेकांत गुंतलेलं होतं. जाईचा वेल जास्वंदीवर चढलेला, तोंडल्याचा वेल जाईवर. कर्दळी, गुलबक्षी, अबोली, तगर. हिरवा चाफा कुठे फुललाय ते फक्त वासाने कळायचं; शोधायला गेलं की पानांत हरवायचा. विहिरीच्या पन्हळीचं पाणी अळूतून वाहत जाई, आणि तिथे बेडूक असत. चैत्रात मोगऱ्याने दुपारसुद्धा गार वाटे. सातभाई पाखरं टोळीने येत आणि पालापाचोळा उलथापालथा करत, जणू कुणाचं काहीतरी हरवलंय आणि आळ आमच्यावर आहे. खारी पेरू अर्धे खाऊन खाली टाकत. अनंताच्या दोन पानांना टाके घालून शिंपिणीने घरटं शिवलं होतं. दादांनी ते सगळ्यांना दाखवलं, आणि मग "आता तिकडे कुणी फिरकायचं नाही" म्हणून सगळ्यांना बंदी केली.

मधे एक भिंत होती, छातीइतकी. दगड मातीत रचलेले. पलीकडे मणियारांचं अंगण. रहीमचाचा बांगड्यांचा व्यापारी, आणि त्यांची बायको, जिला आम्ही सगळे खाला म्हणायचो. त्यांच्या अंगणात देशी गुलाब होते. उन्हाळ्यात खाला त्यांच्या पाकळ्या साखरेत घालून बरण्या उन्हात मांडी. ऊन तापलं की गुलकंदाचा वास भिंतीवरून इकडे येई आणि आमच्या मोगऱ्याच्या वासात मिसळे. त्या दोन वासांत कुठला कुणाचा ते सांगता येत नसे. भिंतीच्या माथ्यावरून भारद्वाज चाले, तांबूस पंख मिटून, घरमालकासारखा सावकाश. तो दिसला की दिवस चांगला जातो. इकडून आई ओरडे, "खाला, भारद्वाज!" पलीकडून उत्तर येई, "पाहिला, पाहिला! माझ्याकडे आधी आला होता!"

भिंतीला लागून आमच्या बाजूला प्राजक्त होता.

ताई सासरहून परत आली ते ज्येष्ठात. छाती खराब झाली होती. सासरचे लोक म्हणाले, हवापालट होईल, महिनाभर ठेवा. महिना संपला तरी न्यायला कुणी आलं नाही, आणि आमच्याकडेही कुणी तो विषय काढला नाही. तिचं अंथरूण परसाकडच्या खिडकीशी घातलं. तिथून ती दिवसभर बाहेर बघत पडून राही. घड्याळ पुढच्या खोलीत होतं, तिला दिसत नसे. गुलबक्षी उमलू लागली की ती म्हणे, "दादांची यायची वेळ झाली, चहा टाका."

रहीमचाचा तिला बांगड्या भरायला स्वतः येत. हिरव्या बांगड्या तिच्या मनगटावरून घसरून तळहातावर येऊ लागल्या होत्या. त्यांनी आपली पेटी उघडली, तिचा हात हातात घेतला, जुन्या बांगड्या काढल्या आणि पोरीबाळींच्या मापाच्या चढवल्या. ताई म्हणाली, "चाचा, माझा हात बघा कसा झालाय."

"हाताला काय झालंय?" चाचा म्हणाले. "माझ्याच बांगड्या मोठ्या आल्या होत्या. भट्टीवाले हल्ली फसवतात, अक्काबाई. मापात पाप करतात साले."

ताई हसली. हसता हसता खोकू लागली. चाचा पेटी बांधत राहिले. ती बांधायला त्यांना फार वेळ लागला.

श्रावणात आईने बाळकृष्णाला लक्ष वाहायचा नवस बोलला. एक लाख प्राजक्ताची फुलं. बाकीची फुलं झाडावरून खुडून वाहायची असतात, जमिनीवर पडलेली देवाला चालत नाहीत. प्राजक्ताचं तसं नाही. तो पहाटे आपणहून गळतो आणि पडलेलाच घेतात. लाखाला पुरेल असं झाड तेवढंच होतं, आणि गरीब बाईला परवडेल असा लक्षही तेवढाच. आई एकदा वाटीभर फुलं मोजून घेई आणि मग वाट्यांचा हिशेब धरी. प्रत्येक वाटीला एक गुंज डबीत टाकी. ताईपाशी तिला सतत बसावं लागे, म्हणून फुलं वेचायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन नोकरीच्या शोधात घरी बसलेला होतो. हिंडण्यापलीकडे उद्योग नव्हता. वाटलं, निदान एवढं तरी आपल्या हातून होईल.

पण झाड भिंतीशी. फांद्या सगळ्या उजेडाकडे, म्हणजे मणियारांच्या अंगणावर झुकलेल्या. त्यात पावसाळ्याचा वारा आमच्या घराकडून तिकडे वाहणारा. आमच्या वाट्याला चार मुठी फुलं येत, तीही पन्हळीच्या चिखलात. आमच्या घरात आत्या होत्या, दादांच्या थोरल्या बहीण, विधवा, लाल अलवणातल्या, कडक सोवळ्याच्या. त्या टोपलीत डोकावून म्हणत, "चिखलातली फुलं देवाला वाहता? आणि धुतलेली नकोत हो, पाण्यातून निघाली की ती शिळी झाली." मग निम्मी टाकून द्यावी लागत. आईची डबी भरेना.

भिंतीपलीकडे मात्र सडा पडलेला असे. सारवलेलं अंगण पांढरं-केशरी होऊन जाई. मी भिंतीला हात टेकून ते बघत उभा राही.

एका पहाटे खालाच म्हणाली, "बेटा, रोज नुसता बघतोस. झाड तुमचं, फुलं तुमची. घेऊन जा ना."

"आत्यांना चालणार नाही," मी म्हणालो.

"आणि तुझ्या देवाला?"

ती हसली आणि झाडू घेऊन आत गेली. त्या दिवशी तिने अंगण झाडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तर झाडाखाली, तिच्या अंगणात, पांढरी स्वच्छ चादर अंथरलेली. चारी कोपऱ्यांवर चार दगड. फुलं सगळी चादरीवर. जमिनीला एक लागलं नव्हतं. चादर चारी टोकांनी उचलून खालाने भिंतीवरून माझ्या हातात दिली, आणि मी फुलं टोपलीत रिकामी करून चादर परत केली. ती ओलसर, दवाची, सुगंधी चादर हातात धरताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. आणि आनंदही झाला होता. दोन्ही खरं आहे.

आईने टोपली पाहिली. एक फूल उचलून देठाशी धरून फिरवलं.

"आज चिखल नाही लागला कुठे?"

"झाड हलवलं. टोपलीतच पाडली," मी म्हणालो.

आईने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि वाटी भरू लागली.

तेव्हापासून रोज तसंच चाललं. भाद्रपद गेला, आश्विन आला. डबीतल्या गुंजा वाढू लागल्या. ताई उशाशी ती डबी घेऊन हलवून बघे. खुळखुळ्यासारखा आवाज येई. "वाढल्या गं," ती आईला म्हणे. कधी कधी तिला खरंच बरं वाटे. एका सकाळी ती उठून खिडकीच्या गजाशी बसली आणि शिंजीर कसा उलटा लटकून जास्वंदीतला मध पितो ते मला दाखवलं. तिच्या केसांत आईने जाईचा गजरा माळला. असल्या सकाळी मला वाटायचं, देवाला सगळं चालतं, आत्यांनाच काय ते चालत नाही. आणि ताईला ताप चढला की वाटायचं, हे माझ्यामुळे. परक्याच्या, परजातीच्या अंगणातली फुलं मी खोटं सांगून देवापुढे ठेवतोय. रोज ठरवायचं, आज आईला सांगू. ती ओट्यावर वात वळत बसलेली असायची. मी शेजारी जाऊन बसायचो. ती म्हणायची, "काय रे?" मी म्हणायचो, "काही नाही."

कार्तिक लागला. प्राजक्त ओसरत आला. थंडी पडू लागली, आणि पेरूच्या बागांतून धूर दिसे, माळी पाला जाळत असत. डबी भरायला थोडं राहिलं होतं तेव्हा ताई गेली.

त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. गुलबक्षी नेहमीच्या वेळेला उमलली आणि चहा टाका असं कुणी म्हणालं नाही, एवढं आठवतं. रहीमचाचा दारात उभे होते, आत येत नव्हते. आणि दहाव्याच्या सुमारास आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता म्हणाल्या ते आठवतं. "लक्ष वाहण्यात कुठेतरी खोट राहिली. नाहीतर असं व्हायचं नाही."

आई चुलीपाशी होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

पुढे मला पेठला मामलेदार कचेरीत कारकुनी लागली. मी ती मिळवली, असं म्हणणंच बरोबर होईल. डोंगरातलं ते गाव लांब होतं, रस्ते खराब होते, सणावाराला येता आलं नाही तर कुणी विचारत नसे. मी तिथे वर्षानुवर्षं राहिलो. दादा गेले, आत्या गेल्या, घर सुटलं, आई माझ्याकडे राहायला आली. पुढे माझी नाशिकला बदली झाली. परसू मात्र पुन्हा कधी लाभलं नाही. आई गॅलरीतल्या डालड्याच्या डब्यांत तुळस आणि शेवंती लावी. एकदा तिने म्हटलं, "कुंडीत प्राजक्त येतो म्हणे." मी म्हणालो, "डास होतात गं." ती "बरं" म्हणाली.

चादर सापडल्यावर पुढच्या रविवारी मी तिकडे गेलो. मुलगा सातपूरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला निघाला होता. त्याने विचारलं, "कुठे, बाबा?" मी सांगितलं, "एकाची वस्तू परत करायचीये."

गाव ओळखू येत नव्हतं. पेरूच्या बागांच्या जागी लाकडाच्या वखारी आणि मोटारींची गॅरेजं. आमच्या घराच्या जागी दुमजली इमारत, खाली पिठाची गिरणी. परसात फरशी घातलेली. प्राजक्त असणं शक्यच नव्हतं. भिंत मात्र होती. पलीकडे मणियारांचं घर, तेच, फक्त पत्रे नवे. अंगणात बाजेवर खाला बसली होती. डोळ्यांना जाड चष्मा. सून तिच्या पायांना तेल लावत होती.

मी नाव सांगितलं. तिने चष्मा वर-खाली केला.

"किती म्हातारा झालास रे!" ती म्हणाली. "माझ्यापेक्षा."

सून हसली. मला पाट दिला, चहा आला, सोबत गुलकंद लावलेलं विड्याचं पान. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी आईचं सांगितलं. खाला नुसता पदर डोक्यावर सारखा करत राहिली.

मग मी पिशवीतून चादर काढून बाजेवर ठेवली. "खाला, ही तुमची. माझ्याकडून परत करायची राहिली." आणि जे आईला सांगायचं राहिलं होतं ते सगळं मी तिला सांगितलं. खोटं कसं बोललो, आत्या काय म्हणाल्या, आईने माझ्याकडे कसं पाहिलं. सून मधेच उठून आत गेली. भिंतीपलीकडे गिरणी घरघरत होती. म्हातारीला ऐकू येतंय की नाही तेही मला कळत नव्हतं.

खालाने चादर चाचपली. एक कोपरा शोधून काढला आणि माझ्यासमोर धरला.

"ही खूण कुणाची?"

कोपऱ्यावर बिब्ब्याने घातलेली परटाची खूण होती. दोन ठिपके आणि मधे आडवी रेघ. लहानपणापासून माझ्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरमागे ती होती. चादर मी रोज पहाटे हातात धरली होती, आणि एकदाही तिचा कोपरा पाहिला नव्हता.

"आम्ही कपडे घरीच धुवायचो," खाला म्हणाली. "ही तुमची आहे. तुझ्या आईने दिली, भिंतीवरून. त्या दुपारी तुझी आत्या झोपली होती. तू आणि मी बोललो, तो दिवस. तुझ्या आईने आतून ऐकलं होतं."

मी खुणेवरून बोट फिरवलं.

"मी म्हटलं, बाई, माझ्या जमिनीवरची फुलं चालतील तुला? ती म्हणाली, अंथरूण माझं आहे ना, मग खाली जमीन कुणाची का असेना. लई शहाणी होती तुझी आई."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी पण तेच विचारलं. म्हटलं, पोरगा रोज चोरासारखा येतो, सांगून टाक. तर म्हणाली, तो सांगेल. माझ्यासाठी लपवतोय, त्याला धीर झाला की सांगेल. त्याने आपणहून सांगितलं म्हणजे त्याचं ओझं जाईल, मी सांगितलं तर लाजेल." खालाने चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. "तुझी बहीण गेली तेव्हा चादर इथेच अंथरलेली होती. फुलं पडलेली. मी घडी करून तिला नेऊन दिली. तुझ्या आत्याचं बोलणं तिने मला सांगितलं. म्हणाली, खोट नव्हती, खाला. देवाने नेली, त्याला खोट कशाला पाहिजे. पण माझं पोरगं ते बोलणं धरून बसणार. आता तरी सांगेल, असं म्हणायची. तू पेठला गेलास. सणाला आलास की मी भिंतीवरून विचारायची, सांगितलं का गं? ती नाही म्हणून मान हलवायची."

मला ओटा दिसला. वात वळणारे तिचे हात. "काय रे?" ती विचारायची. दर वेळी त्यात एवढं वाट बघणं भरलेलं असे, हे मला कधी ऐकू आलं नव्हतं. इतकी वर्षं मी फुलांचं पाप वाहत होतो. ते पाप नव्हतंच. आमच्या दोघांत भिंत होती तीही छातीइतकीच, आणि मी फक्त हात वर करायचा होता.

"पुढच्या साली तिने लक्ष पुरा केला," खाला सांगत होती. "उरलेल्या वाट्या. चादर घेऊन आली, मीच वेचून दिली. म्हटलं, आता कुणासाठी? म्हणाली, सोडलेलं काम बरं दिसत नाही."

ऊन उतरलं होतं. सुनेने कंदिलाची काच पुसायला घेतली, वीज सारखी जायची तिकडे. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, खरबरीत पानांचं एक झाड उभं होतं. माझ्या दुप्पट उंचीचं. देठाशी बारीक कळ्या भरलेल्या.

"बी पडलं होतं तुमच्याच झाडाचं," खाला म्हणाली. "मी काढलं नाही. रोज झाडताना कंबर मोडते माझ्या सुनेची."

भिंतीवर एक सरडा मान डोलावत बसला होता. त्याच्या मागून, गिरणीच्या आवाजाची पर्वा न करता, भारद्वाज आला. माथ्यावरून सावकाश चालत गेला आणि पलीकडे उतरला. खालाला तो दिसला नसावा. मी सांगितलं नाही. मग वाटलं, हेही सांगायचं राहायला नको.

"खाला, भारद्वाज!"

"कुठे?" तिने चष्मा सावरला. "गेला का? जाऊ दे. येईल." मग चादर माझ्याकडे ढकलून म्हणाली, "तुझी वस्तू मला कशाला देतोस? आणलीच आहेस तर अंथर. उद्या सकाळी येऊन फुलं घेऊन जा. आईच्या फोटोला वाहा, नाहीतर नको वाहू. पण ये."

मी उठलो. गुडघे वाजले. झाडाखाली चादर पसरली, वाकून चारी कोपरे ओढले, दगड शोधून ठेवले. परटाची खूण असलेला कोपरा घराकडे आला. जुने डाग आणि वरच्या कळ्या, मधे संध्याकाळची हवा. मला वाटलं नीट झालं. मागे वळून पाहिलं तर खाला बाजेवरून मान लांब करून बघत होती.

"अजून इकडे ओढ, बेटा," ती म्हणाली. "वारा तुमच्या घराकडूनच येतो अजून."